टीएसएच आधी ६.८, मग ३.१: कोणता रिपोर्ट धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, शिक्षिका, पाच वर्षांची एक मुलगी. वर्षभर थकवा, केस गळणं, वजन चार किलोंनी वाढलेलं. डेंग्यूतून उठल्यावर तीन आठवड्यांनी शाळेतल्या तपासणी शिबिरात सकाळी साडेसातला रक्त दिलं. टीएसएच ६.८, टी३ आणि टी४ नॉर्मल. डॉक्टरांनी थायरॉइडची २५ मायक्रोग्रॅमची गोळी (थायरॉक्सिन) लिहून दिली, ती अजून सुरू केलेली नाही. दोन महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये संध्याकाळी पाचला तपासलं, तर टीएसएच ३.१ आणि टी४ वरच्या मर्यादेच्या किंचित पुढे. मधल्या काळात केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या अजून चालू आहेत. कोणता रिपोर्ट खरा? गोळी घ्यायची का, आणि घेतली तर जन्मभर का? रक्त उपाशीपोटी द्यायचं का? ‘फुल थायरॉइड प्रोफाइल’ करून घेऊ का? आईचं वय ७२, तिचाही टीएसएच ७.४ आलाय. शिवाय दुसऱ्या बाळाचा विचार आहे.

ताई, बाळाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. माझ्या दृष्टीने तेच पहिलं. ते नसतं तर मी सांगितलं असतं, दोन-तीन महिने काही करू नका, मग एकदा नीट तपासा आणि बोलू. ते आहे म्हणून घाई थोडी वाढते. पण आधी हातातल्या दोन कागदांचं काय करायचं ते बघू. माझं मत असं की या दोन्हींवरून कुठलाही निर्णय घेऊ नये. लॅबने काही चूक केली असं मी म्हणत नाही. यंत्राने जे दिसलं ते छापलं. रक्त मात्र दोन्ही वेळा नको त्या वेळी काढलं गेलं.

थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी, टी४ (थायरॉक्सिन) आणि टी३ ही तिची हार्मोन्स, आणि तिच्यावर देखरेख मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीची. पिट्युटरीला मुकादम समजा आणि टीएसएच, म्हणजे तिने थायरॉइडला धाडलेलं हार्मोन, हा त्या मुकादमाचा आवाज. खालची मंडळी ढिली पडली की आवाज चढतो, काम जास्त झालं की उतरतो. हा मुकादम भलताच तिखट कानाचा आहे. रक्तातला फ्री टी४, म्हणजे मोकळा असलेला टी४, निम्म्यावर आला तर टीएसएच दुप्पट नाही, शंभरपटीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून ग्रंथी नुकती थकायला लागली, टी४ अजून नॉर्मलच्या चौकटीत आहे, अशा वेळी टीएसएच आधीच वर गेलेला दिसतो. थायरॉइड कमी पडतंय का हे बघायला पहिली चाचणी टीएसएच, आणि बहुतेकांना पहिल्या फेरीत तेवढी एकच पुरते, ती याच कारणासाठी.

पण आवाज चढलाय एवढंच टीएसएच सांगतो. का चढला, ते सांगत नाही.

आता तुमचा पहिला रिपोर्ट. कुठल्याही मोठ्या आजारात, म्हणजे डेंग्यू, टायफॉइड, न्यूमोनिया, मोठं ऑपरेशन, शरीर थायरॉइडचं काम मुद्दाम मंदावतं. आधी टी३ उतरतो, आजार जोराचा असेल तर टीएसएचही खाली जातो. माणूस बरा होऊ लागला की टीएसएच उसळी मारतो आणि काही आठवडे वरच राहतो. या काळात तो १५, क्वचित २० पर्यंत गेलेला बघितलाय, आणि पुढे औषधाशिवाय ३ वर आलेलाही. डेंग्यूनंतर तिसऱ्या आठवड्यातला ६.८ हा नेमका या उसळीतला असू शकतो. तापातून उठलेल्या माणसाची थायरॉइड तपासणी, गंभीर शंका नसेल तर, किमान सहा आठवडे पुढे ढकलावी. शिबिरात हे कुणी विचारत नाही. रांग मोठी असते.

दुसरं कारण वेळ. टीएसएच दिवसभर एकसारखा नसतो. मध्यरात्रीनंतर तो सगळ्यात वर असतो, पहाटेपासून उतरायला लागतो, दुपारी तळाला जातो. सकाळी साडेसातचा आणि संध्याकाळी पाचचा आकडा यांत पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त फरक पडणं सहज शक्य आहे, आणि तो फरक आजारातला नसतो. उपाशीपोटी रक्त द्यायची सक्ती थायरॉइडसाठी नाही. साखर आणि कोलेस्टेरॉल त्याच नळीच्या हिशेबात बसवायचं असतं म्हणून लॅब सरसकट उपाशी बोलावते. मात्र आकड्यांची तुलना करायची असेल तर दर वेळी साधारण त्याच वेळेला, शक्यतो सकाळी आठ-नऊच्या आत, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये रक्त द्यावं. चहा घेतला म्हणून रिपोर्ट वाया जात नाही.

तिसरं कारण बायोटिन, आणि यावर मी जरा थांबणार आहे, कारण केसगळतीच्या गोळ्या आता जवळजवळ प्रत्येक घरात आहेत आणि ‘कुठली औषधं चालू आहेत’ या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचं नाव कधीच येत नाही. “ते औषध थोडंच आहे, व्हिटॅमिन आहे,” हे वाक्य मी रोज ऐकते.

बायोटिनची रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅम. केसांच्या गोळ्यांत ते बहुधा ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे १० ची गोळी गरजेच्या अडीचशे पटीच्या वर. शरीराला त्याचा त्रास होत नाही, जास्तीचं लघवीवाटे जातं. त्रास होतो तो लॅबमधल्या यंत्राला. बऱ्याच यंत्रांची चाचणी बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन या दोघांच्या घट्ट पकडीवर उभी केलेली असते. तुमच्या रक्तातच भरपूर बायोटिन फिरत असेल तर ते आधीच त्या जागा अडवून बसतं. टीएसएचच्या चाचणीची रचना अशी की पकड सुटली की आकडा खोटाच कमी येतो. टी३ आणि टी४ च्या चाचणीची रचना उलटी, तिथे आकडा खोटाच जास्त येतो. आता तुमचा दुसरा रिपोर्ट पुन्हा बघा: टीएसएच आधीपेक्षा खाली, टी४ मर्यादेच्या वर. हे चित्र बायोटिनच्या खोडीशी तंतोतंत जुळतं. सगळीच यंत्रं या पद्धतीची नसतात, त्यामुळे तुमच्या बाबतीत हेच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण तो कागद बाजूला ठेवायला एवढी शंका पुरे. काही जणांना असा रिपोर्ट बघून थायरॉइड वाढल्याची, म्हणजे उलट्याच आजाराची औषधं सुरू झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, तेव्हा एका रुग्णाच्या मृत्यूचाही उल्लेख केला होता: बायोटिनमुळे हृदयविकाराची ट्रोपोनिन चाचणी खोटी कमी आली होती. तेव्हा थायरॉइडसाठी रक्त देण्याआधी बायोटिन किमान दोन दिवस बंद. १० मिलिग्रॅमवाल्यांना मी सरळ आठवडा सांगते, म्हणजे हिशेब करायला नको.

ही तीन कारणं बाजूला ठेवली तरी माणसाचा टीएसएच मुळातच थोडा हलता असतो. सौम्य वाढ असलेल्या माणसात दोन आकड्यांमध्ये साधारण ४० टक्के फरक पडल्याशिवाय खरंच काही बदललं असं म्हणता येत नाही. ५.२ चा ६.१ झाला म्हणून रडवेल्या होऊन आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. ५.२ आणि ६.१ हा एकच आकडा आहे, असं समजा. रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ची रेघही सगळीकडे सारखी नाही. एका कंपनीच्या यंत्रावर वरची मर्यादा ४.२, दुसऱ्यावर ४.९४. त्यामुळे ४.५ हा आकडा एका लॅबमध्ये ठळक अक्षरात छापून येतो आणि रस्त्यापलीकडच्या लॅबमध्ये साध्या अक्षरात. शिवाय एकक: एका कागदावर ‘एमआययू पर लिटर’, दुसऱ्यावर ‘मायक्रो आययू पर एमएल’ असेल तरी घाबरू नका, आकडा तोच राहतो.

मग कोणत्या चाचण्या करायच्या? पॅकेजमधलं टी३, टी४, टीएसएच हे त्रिकूट बघू. टी३ चा थायरॉइड कमी असण्याच्या निदानात उपयोग जवळजवळ नाही, कारण ग्रंथी थकली तरी शरीर टी३ शेवटपर्यंत सांभाळतं. टीएसएच ४० असलेल्या बाईचा टी३ नॉर्मल असू शकतो आणि तो बघून तिला धीर दिला तर चूक होते. टी३ ची गरज थायरॉइड जास्त असल्याची शंका असेल तेव्हा. टी४ हवा, पण पॅकेजमध्ये बहुधा एकूण टी४ असतो. रक्तातला ९९.९ टक्क्यांहून जास्त टी४ प्रथिनांना चिकटलेला असतो, काम करतो तो मोकळा सुटा टी४, म्हणजे फ्री टी४. गर्भारपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर ही प्रथिनं वाढतात आणि एकूण टी४ विनाकारण वाढलेला दिसतो. म्हणून टीएसएचसोबत फ्री टी४ मागा. रिव्हर्स टी३ नावाची चाचणी सध्या इंटरनेटवर फार चालते. माझ्या मते ते पैसे डाळिंबावर खर्च करावेत.

अँटी-टीपीओ मात्र तुमच्यासाठी कामाची. आपल्याकडे मीठ आयोडीनयुक्त झाल्यापासून शहरांत थायरॉइड कमी पडण्याचं सगळ्यात मोठं कारण आयोडीनची कमतरता नसून हाशिमोटोचा आजार हे आहे. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये तो पहिल्यांदा लिहून ठेवला. यात शरीराचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते आणि अँटी-टीपीओ ही अँटीबॉडी त्याची रक्तातली खूण. ती एकदाच तपासायची. दर सहा महिन्यांनी ‘अँटीबॉडी कमी झाल्या का’ बघण्यात अर्थ नाही, आपण आकड्यावर उपचार करत नाही. तिचा उपयोग पुढचा अंदाज बांधायला. उत्तर इंग्लंडमधल्या व्हिकहॅम इथे सत्तरच्या दशकात तपासलेल्या लोकांचा वीस वर्षांनी पुन्हा माग काढला गेला. टीएसएच वाढलेला आणि अँटीबॉडी आहेत अशा स्त्रियांपैकी दर वर्षी सुमारे ४.३ टक्के स्त्रियांची ग्रंथी पूर्ण कमी पडली. नुसता टीएसएच वाढलेला, अँटीबॉडी नाहीत, तर २.६ टक्के. म्हणजे अँटीबॉडी असल्या तरी सगळ्यांना उद्याच गोळी लागते असं नाही, पण अशा बाईला वर्षातून एकदा टीएसएच बघायला सांगावं.

हे सगळे सौम्य आकडे इतक्या लोकांच्या हातात आले कुठून, यालाही एक इतिहास आहे आणि तो आपल्या मुंबईतून जातो. रक्तातली इतकी सूक्ष्म हार्मोन्स मोजायची किरणोत्सर्गी पद्धत रोझालिन यालो आणि सोलोमन बर्सन यांनी शोधली, यालो यांना १९७७ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या वैद्यकीय शाखेत, थायरॉइडवर खूप काम झालं. तिथेच काम केलेल्या ए. वेलुमणी यांनी १९९६ मध्ये मुंबईत थायरोकेअर काढली आणि ही चाचणी एकदम स्वस्त झाली. ती स्वस्त झाली याचा मला आनंदच आहे. आमच्या आधीच्या पिढीतले डॉक्टर घोट्याच्या मागच्या शिरेवर हातोडी मारून पाय किती सावकाश परत येतो ते बघत, त्यावर निदान होई. पण स्वस्त झाली म्हणून ती प्रत्येक पॅकेजमध्ये घुसली, आणि ज्यांना काही होत नव्हतं त्यांच्याही कागदावर ५.८, ६.३ असे आकडे उमटायला लागले. आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांच्या तपासणीचा अहवाल २०१३ मध्ये आला, त्यात मुंबई आणि गोवाही होतं. जवळपास ११ टक्के लोकांत थायरॉइड कमी असल्याचं दिसलं, आणि त्याशिवाय सुमारे ८ टक्के लोकांत अशीच सौम्य वाढ होती.

खरोखर कमी पडलेलं थायरॉइड वेगळं दिसतं. टीएसएच ५०, ८०, कधी १०० च्या वर, फ्री टी४ तळाला. आवाज घोगरा, चेहरा सुजट, मे महिन्यात अंगावर शाल, बद्धकोष्ठ, पाळीला जास्त रक्तस्राव. हातोडीने पाय अजूनही सावकाशच परत येतो. कधी हा आजार दुसऱ्याच दारातून आत येतो: पाय दुखतात म्हणून सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) तपासलं ते खूप वाढलेलं, किंवा कोलेस्टेरॉल एकाएकी वर, किंवा म्हाताऱ्या माणसाचं सोडियम कमी. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करण्याआधी एकदा टीएसएच बघावा तो यासाठीच. थायरॉइड ताळ्यावर आलं की कोलेस्टेरॉल पुष्कळदा आपसूक उतरतं. अशा माणसाला गोळी दिली की दोन-तीन महिन्यांत घरचेच सांगतात, माणूस बदलला. ६.८ वाल्याला गोळी देऊन असा चमत्कार क्वचितच होतो, आणि ही गोष्ट आम्ही डॉक्टरांनी आधी सांगायला हवी.

तुमचा थकवा वर्षभराचा आहे, म्हणून विचारते: हिमोग्लोबिन कधी बघितलंय? फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा? बी१२? चौतिसाव्या वर्षी, पाच वर्षांच्या मुलीची आई, शाळा आणि घर दोन्ही, आणि केस गळतायत, तर माझी पहिली शंका लोहाच्या कमतरतेवर जाते, शाकाहारी असाल तर बी१२ वर. डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळणं तर ठरलेलंच, ते पुढच्या सहा महिन्यांत थांबतं. टीएसएच ६.८ सापडला की बाकीचा शोध थांबतो, हे त्या आकड्याचं सगळ्यात मोठं नुकसान. चार किलो वजनाचा हिशेबही थायरॉइडच्या माथी मारू नका. वजन वाढलं की टीएसएच स्वतःच थोडा वर जातो आणि वजन उतरलं की खाली येतो, असंही पुष्कळदा असतं.

एक अपवाद सांगायलाच हवा, कारण त्यात नुसता टीएसएच बघणारा डॉक्टर हमखास फसतो. मुकादमच आजारी असेल तर? मग खालचं काम बंद पडलं तरी आवाज चढत नाही. फ्री टी४ कमी आणि टीएसएच मात्र २.४, म्हणजे रिपोर्टवर सगळं हिरवं. आपल्याकडे याचं एक महत्त्वाचं कारण बाळंतपणातला अति रक्तस्राव. रक्तदाब कोसळतो आणि गर्भारपणात मोठी झालेली पिट्युटरी रक्ताअभावी मरते. ब्रिटनमधले डॉक्टर हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून शीहान सिंड्रोम. घरी झालेली, वेळेवर रक्त न मिळालेली बाळंतपणं जिथे झाली तिथल्या बायकांत हा अजून सापडतो. कहाणी ऐकली की निदान जवळजवळ तिथेच होतं: शेवटच्या बाळंतपणात खूप रक्त गेलं, बाळाला अंगावर दूध आलंच नाही, पाळी परत सुरू झाली नाही, आणि मग वर्षानुवर्षं अशक्तपणा. बाई पन्नाशीची होईपर्यंत कुणी हे प्रश्न विचारत नाही. अशा बाईला थायरॉइडची गोळी एकदम सुरू करणं धोक्याचं. तिच्यात कॉर्टिसॉल हे ताण पेलायला लागणारं हार्मोनही कमी असतं, आणि थायरॉक्सिन आधी दिलं तर उरलंसुरलं कॉर्टिसॉल वेगाने संपून ती कोसळू शकते. आधी कॉर्टिसॉल तपासायचं, लागलं तर स्टिरॉइड सुरू करायचं, मग थायरॉक्सिन. तुमच्या बाबतीत याची शंका नाही, पण तुमच्या ओळखीत अशी कहाणी असेल तर तिला टीएसएचसोबत फ्री टी४ करायला सांगा आणि फिजिशियनकडे पाठवा.

आता बाळाचा विचार. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड काम करत नसते, ते आईच्याच टी४ वर वाढतं. म्हणून गर्भधारणेआधीच आईचं थायरॉइड ठीक असलेलं बरं. याचा अर्थ प्रत्येक किरकोळ आकड्याला गोळी असा मात्र नाही. सौम्य वाढ असलेल्या गर्भवतींना गोळी देऊन बाळाच्या बुद्ध्यांकात फरक पडतो का, हे बघणारे दोन मोठे प्रयोग २०१२ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, दोन्हींत फरक दिसला नाही. अर्थात गोळी तिसऱ्या महिन्याच्या शेवटी किंवा त्यानंतर सुरू झाली होती, हा आक्षेप राहतो. टीएसएच नॉर्मल आणि फक्त अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह अशा स्त्रियांना गर्भधारणेआधीपासून गोळी देऊनही फायदा झाला नाही, हे २०१९ च्या ब्रिटनमधल्या प्रयोगाने दाखवलं. तेव्हा नुसत्या अँटीबॉडीसाठी गोळी नको.

तुमच्यासाठी मी असं करेन. बायोटिन आजच बंद करा. डेंग्यूला आता तीन महिने होत आले असतील, त्यामुळे तो अडथळा संपला. आठ-दहा दिवसांनी सकाळी टीएसएच, फ्री टी४ आणि अँटी-टीपीओ, सोबत सीबीसी, फेरिटिन, बी१२. टीएसएच ४ च्या आत आला तर थायरॉइडची गोळी नको, बाळाचा विचार पुढे न्या. १० च्या वर आला तर गोळी नक्की, आणि बाळाचा विचार तीन महिने पुढे. ४ ते १० च्या मध्ये आला आणि अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असेल तर मी गोळी देईन, कारण दिवस राहिल्यावर ही ग्रंथी वाढीव काम पेलेल याची खात्री नाही. अँटी-टीपीओ निगेटिव्ह असेल तर २५ ची गोळी बाळंतपणापर्यंत देणारे डॉक्टर आहेत आणि नुसतं लक्ष ठेवणारेही आहेत. बाळाचा प्रयत्न लगेच करायचा असेल तर मी पहिल्या गटातली. अशी सुरू केलेली गोळी जन्मभराची नसते. बाळंतपणानंतर बंद करून सहा आठवड्यांनी टीएसएच बघता येतो. आणि गोळीवर असताना दिवस राहिले तर पहिल्या भेटीची वाट बघत बसू नका, त्याच आठवड्यात टीएसएच करा. पुढे निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी. ज्यांना आधीपासून पूर्ण डोस चालू असतो त्यांना तर पाळी चुकल्याबरोबर आठवड्याला दोन गोळ्या जास्त घ्यायला आम्ही आधीच सांगून ठेवतो.

गोळी सुरू झालीच तर तिच्या तपासणीचे नियम वेगळे. टी४ रक्तात सावकाश मुरतो, निम्मा व्हायलाच त्याला सात दिवस लागतात. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबूनच टीएसएच करावा; पंधरा दिवसांनी केलेला टीएसएच जुन्या डोसचीच गोष्ट सांगतो आणि त्यावर डोस वाढवला तर पुढच्या खेपेला जास्त होतो. रक्त द्यायच्या दिवशी गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्या, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी४ वर चढलेला असतो. रोजची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. गर्भारपणात या तिन्ही एकत्र सुरू होतात आणि सकाळी एका घोटात घेतल्या जातात, मग टीएसएच खाली का येत नाही म्हणून डोस वाढत जातो. एक जुनी लबाडीही कळते: टीएसएच १८ आणि फ्री टी४ मात्र वरच्या टोकाला, असा रिपोर्ट आला की मी हसून विचारते, महिनाभर विसरून शेवटचे चार दिवस नेमाने घेतल्या ना? टीएसएचला जुन्या खाड्यांची आठवण राहते, टी४ ला फक्त या आठवड्याची.

राहिल्या आई. बहात्तराव्या वर्षी ७.४ हा आकडा चौतिसाव्या वर्षीच्या ७.४ सारखा वाचायचा नसतो. वयाबरोबर टीएसएच थोडा वर सरकतो, सत्तरीपुढे ७ च्या आसपासचा आकडा निरोगी माणसांतही दिसतो, पण लॅबच्या कागदावर विशीपासून नव्वदीपर्यंत एकच मर्यादा छापलेली असते. ६५ च्या पुढच्या, सौम्य वाढ असलेल्या ७३७ जणांवर युरोपात केलेला ट्रस्ट नावाचा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. वर्षभरानंतर थकव्यात आणि बाकी तक्रारींत दोन्ही गटांत फरक नव्हता. उलट या वयात गोळी थोडी जरी जास्त झाली तर छातीत धडधड, हृदयाची अनियमित लय, ठिसूळ हाडं हे सगळं मागे लागतं. म्हणून आईंना आज काही सुरू करू नका. दोन-तीन महिन्यांनी सकाळी टीएसएच आणि फ्री टी४ करा. फ्री टी४ कमी असेल किंवा टीएसएच १० च्या पुढे गेला तर गोळीचा विचार, आणि तोही १२.५ किंवा २५ पासून, आधी ईसीजी बघून. तोवर त्यांच्या चालू औषधांची सगळी पाकिटं एकदा डॉक्टरांसमोर ठेवा, आयुर्वेदिक आणि व्हिटॅमिनची सुद्धा. हृदयाच्या ठोक्यांसाठीची अमिओडॅरोन किंवा मानसिक आजारासाठीची लिथियम यांपैकी एखादी त्यात निघाली, तर त्यांच्या ७.४ ला वयाचं कारण देऊन चालणार नाही. मग दर सहा महिन्यांनी तपासावं लागेल.